रोखेबाजारातील संगणकीय व्यवहार
शेअर, कर्जरोखे व तत्सम प्रतिभूतींची खरेदी-विक्री संगणक व दूरसंदेशवहन यांच्या जाळ्यामार्फत, खरेदीदार आणि विक्रेता यांची प्रत्यक्ष गाठ न पडता घडवून आणण्याची पद्धती. या पद्धतीत भाव ठरविणे, सौदा जुळविणे, त्याची नोंद करणे आणि पैसे व प्रतिभूती यांची देवघेव करणे ही कामे यंत्राकडे सोपविलेली असतात. यंत्राशी माणसाचा संबंध पडद्यावरील चौकटी, आकडे व बटणे यांच्याद्वारे येतो. ही रचना कोणाच्या सोयीने करावयाची, दलालाच्या की गुंतवणूकदाराच्या, हा प्रश्न या पद्धतीच्या इतिहासात प्रारंभापासून आढळतो. भारतात या पद्धतीचा विकास प्रामुख्याने मुंबईत झाला आणि तेथून ती उपनगरांत, वसई–विरारसारख्या नव्या नागरी वस्त्यांत व पुढे ग्रामीण भागात पसरली.

पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईतील दलाल टाउन हॉलसमोरील वडाच्या झाडाखाली जमून सौदे करीत. १८७५ मध्ये त्यांनी ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन’ ही संस्था स्थापिली. तीच पुढे मुंबई शेअरबाजार म्हणून प्रसिद्धीस आली. प्रतिभूती करार (विनियमन) अधिनियम, १९५६ अन्वये तिला १९५७ मध्ये कायम मान्यता मिळाली. दलाल स्ट्रीटवरील व्यवहार ‘रिंग’मध्ये म्हणजे सौद्यांच्या मोकळ्या दालनात चालत. दलालांचे कारकून हातांच्या खुणा व आरोळ्या यांनी भाव सांगत आणि सौदा ठरताच तो आपापल्या सौदावहीत टिपून ठेवीत. खरेदी-विक्रीचे दोन्ही भाव सतत देणाऱ्या व्यापाऱ्यांस ‘तारवणीवाला’ म्हणत.

या पद्धतीत दलालांना परस्परांची ओळख असे व शब्दाला मोल असे. मात्र गुंतवणूकदार दालनाबाहेर राही. आपला सौदा नेमका किती वाजता व कोणत्या भावाने झाला, हे पडताळून पाहण्याचे साधन त्याच्याजवळ नसे. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात त्या शेअराचा दिवसातील उच्चतम व नीचतम भाव छापून येई; दलालाने लावलेला भाव त्या दोहोंच्या दरम्यान असला, की तक्रारीस जागा उरत नसे. दलाल स्ट्रीटपासून जो जितका दूर, त्याची माहिती तितकी शिळी, अशी स्थिती होती. विरार ते मुंबई ही उपनगरी रेल्वेसेवा १८६७ मध्येच सुरू झाली होती. तरीही सुमारे ६० किमी. अंतरावरील गुंतवणूकदारास बाजाराशी संबंध ठेवण्यासाठी उपदलाल, दूरध्वनी व टपाल यांवरच विसंबावे लागे.

विदेशी चलन विनियमन अधिनियम (१९७३) अंमलात आल्यावर अनेक विदेशी कंपन्यांनी आपले शेअर भारतीय जनतेस विक्रीस काढले. तदनंतर रिलायन्ससारख्या कंपन्यांच्या भागविक्रीमुळे (१९७७) मध्यमवर्ग मोठ्या संख्येने या बाजाराकडे वळला. शेअर-प्रमाणपत्रे, हस्तांतरणपत्रे व सह्या यांचा पसारा वाढला. सही न जुळल्याने कागद परत येणे, टपालात गहाळ होणे, बनावट निघणे हे नित्याचे झाले. रिंगची क्षमता व कागदाची मर्यादा या दोन्ही १९८० नंतरच्या दशकात उघड झाल्या.

विदेशांतील प्रारंभ : अमेरिकेत ‘नॅसडॅक’ने १९७१ मध्ये दलालांचे भाव संगणकाद्वारे पडद्यावर दाखविण्यास प्रारंभ केला, प्रत्यक्ष सौदे मात्र त्या वेळी दूरध्वनीवरच होत. सौदे यंत्रानेच जुळविण्याची पद्धती टोराँटो शेअरबाजाराने १९७७ मध्ये अंगीकारली. लंडनमध्ये २७ ऑक्टोबर १९८६ रोजी झालेल्या व्यापक सुधारणांनंतर व्यवहार पडद्यावर गेले व थोड्याच अवधीत तेथील सौद्यांचे दालन ओस पडले. भारतातील धोरणकर्त्यांपुढे ही उदाहरणे होती.

भारतातील स्थित्यंतर : ‘ओव्हर द काउंटर एक्स्चेंज ऑफ इंडिया’ (स्थापना १९९०) या बाजाराने १९९२ मध्ये मुंबईत पडद्यावरील व्यवहारांस प्रारंभ केला, परंतु त्याची व्याप्ती लहान कंपन्यांपुरती राहिली. एम. जे. फेरवानी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९१ मध्ये राष्ट्रव्यापी शेअरबाजाराची शिफारस केली. १९९२ मधील रोखे गैरव्यवहारामुळे जुन्या व्यवस्थेवरील विश्वास डळमळीत झाला. त्याच वर्षी भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळास (सेबी) वैधानिक अधिकार प्राप्त झाले आणि नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय शेअरबाजाराची नोंदणी झाली. भारतीय औद्योगिक विकास बँक व अन्य वित्तसंस्था त्याच्या प्रवर्तक होत्या. रा. ह. पाटील हे त्याचे पहिले व्यवस्थापकीय संचालक. या बाजाराची मालकी दलालांकडे नव्हती, ही गोष्ट पुढील रचनेच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली.

राष्ट्रीय शेअरबाजारात कर्जरोख्यांचे व्यवहार जून १९९४ मध्ये आणि शेअरांचे व्यवहार ३ नोव्हेंबर १९९४ रोजी सुरू झाले. मध्यवर्ती संगणक व दलालांचे संच लहान तबकड्यांच्या साहाय्याने उपग्रहामार्फत जोडलेले होते. त्यामुळे मुंबईतील आणि दूरच्या शहरातील दलालास एकच भाव एकाच वेळी दिसू लागला. मुंबई शेअरबाजारानेही १४ मार्च १९९५ रोजी ‘बोल्ट’ ही संगणकीय प्रणाली कार्यान्वित केली. त्याच वर्षी रिंगमधील शतकाहून जुनी आरोळ्यांची प्रथा बंद पडली. सुमारे वर्षभरात राष्ट्रीय शेअरबाजाराची उलाढाल मुंबई शेअरबाजाराच्या पुढे गेली. ‘बोल्ट’चे जाळे मुंबईबाहेर नेण्यास अनुमती मिळाल्यावर १९९७ पासून तेही देशभर पसरले.

पडद्याची रचना : नव्या प्रणालीचा गाभा म्हणजे ‘ऑर्डरवही’. खरेदीच्या सर्व ऑर्डरी चढ्या भावापासून उतरत्या क्रमाने आणि विक्रीच्या सर्व ऑर्डरी उतरत्या भावापासून चढत्या क्रमाने मांडल्या जातात. भाव सारखा असल्यास आधी आलेल्या ऑर्डरीस अग्रक्रम मिळतो. सौदा जुळताच त्यास क्रमांक दिला जाऊन त्याची वेळ नोंदली जाते. ऑर्डर कोणाची आहे, हे दुसऱ्या पक्षास दिसत नाही. त्यायोगे मोठ्या व लहान ग्राहकास एकाच रांगेत उभे राहावे लागते. रिंगमध्ये ज्याचा आवाज मोठा व ओळख जुनी त्याला जे प्राधान्य मिळे, ते येथे नाहीसे झाले. खरेदी व विक्री या दोन्ही बाजूंचे सर्वोत्तम पाच भाव आणि त्या त्या भावास उपलब्ध असलेली शेअरसंख्या दाखविणारी चौकट सर्वांस खुली करण्यात आली. बाजाराची ही ‘खोली’ पूर्वी केवळ रिंगमधील अनुभवी माणसास अंदाजाने कळत असे.

तथापि हा पडदा दलालाच्या कारकुनासाठी रचलेला होता. खरेदीसाठी एक कळ व विक्रीसाठी तिच्या शेजारची दुसरी कळ, शेअरांची संक्षिप्त चिन्हे आणि एकमेकांस खेटून बसविलेले आकडे अशी त्याची ठेवण होती. दिवसभर हेच काम करणाऱ्या तरबेज माणसास ती वेगवान वाटे. गुंतवणूकदार मात्र टेबलाच्या पलीकडे बसे किंवा दूरध्वनीवर भाव विचारी. भाव पारदर्शक झाला तरी ऑर्डर देणारा हात दलालाचाच राहिला.

कागदविरहित देवघेव : सौदा क्षणार्धात जुळत असला, तरी त्याची पूर्तता कागदांवर अवलंबून असल्याने निम्मे काम जुन्याच गतीने चाले. डिपॉझिटरी अधिनियम, १९९६ संमत झाल्यावर नोव्हेंबर १९९६ मध्ये मुंबईत ‘नॅशनल सिक्युरिटीज डिपॉझिटरी’ व १९९९ मध्ये ‘सेंट्रल डिपॉझिटरी सर्व्हिसेस’ यांनी कार्य सुरू केले. शेअर-प्रमाणपत्राची जागा ‘डीमॅट’ खात्यातील नोंदीने घेतली. जुलै २००१ मध्ये बदला-व्यवहार बंद करण्यात आले आणि प्रत्येक दिवसाचे सौदे स्वतंत्रपणे पुरे करण्याची पद्धत रूढ झाली. पूर्ततेचा कालावधी एप्रिल २००२ पासून तीन दिवस, एप्रिल २००३ पासून दोन दिवस व २७ जानेवारी २०२३ पासून सर्व शेअरांबाबत एक दिवस असा घटत गेला. गुंतवणूकदाराचे पैसे व शेअर दलालाच्या ताब्यात राहण्याचा काळ यामुळे कमी झाला.

दलालमार्फत होणाऱ्या गैरवापराचा धोका मात्र पूर्णतः टळला नाही. ग्राहकांचे शेअर परस्पर गहाण ठेवल्याचा मोठा प्रकार २०१९ मध्ये उघडकीस आल्यानंतर सेबीने गहाणाची नोंद ग्राहकाच्याच डीमॅट खात्यात करण्याचा नियम केला (२०२०). प्रत्येक गहाणास ग्राहकाची संकेतांकाद्वारे संमती आवश्यक ठरली. ग्राहकाने आपले पैसे स्वतःच्याच बँक खात्यात राखून ठेवून सौदा करण्याची सोय जानेवारी २०२४ पासून उपलब्ध झाली. सुरक्षिततेसाठी केलेल्या नियमांचे रूपांतर पडद्यावरील एखाद्या पायरीत कसे होते, याची ही उदाहरणे होत.

इंटरनेट व भ्रमणध्वनी : सेबीने इंटरनेटद्वारे ऑर्डरी पाठविण्यास २००० च्या प्रारंभी मान्यता दिली व त्याच वर्षी भारतात अशा सेवा सुरू झाल्या. ऑगस्ट २०१० मध्ये भ्रमणध्वनीवरून व्यवहार करण्यास अनुमती मिळाली. सौद्याच्या रकमेवर टक्केवारीने दलाली घेण्याऐवजी प्रत्येक ऑर्डरीस ठराविक अल्प रक्कम आकारणाऱ्या संस्था याच सुमारास पुढे आल्या. बंगलोरची ‘झिरोधा’ (२०१०) ही त्यांपैकी प्रमुख होय. आधार-आधारित ओळखपडताळणी व संगणकीय स्वाक्षरी यांमुळे खाते उघडण्यास लागणारा दिवसांचा अवधी मिनिटांवर आला. मार्च २०२० मध्ये देशातील डीमॅट खात्यांची संख्या सुमारे ४ कोटी होती. ऑगस्ट २०२२ मध्ये तिने १० कोटींचा व ऑगस्ट २०२५ मध्ये २० कोटींचा टप्पा ओलांडला. गुंतवणूकदारांच्या संख्येत महाराष्ट्र सर्व राज्यांत अग्रेसर आहे.

या टप्प्यावर ऑर्डर देणारा हात प्रथमच गुंतवणूकदाराचा झाला आणि चूकही त्याचीच ठरू लागली. एक शून्य अधिक पडणे, विक्रीऐवजी खरेदी होणे, ठराविक भावाऐवजी मिळेल त्या भावाची ऑर्डर जाणे अशा चुका अनुभवी माणसाकडूनही घडतात. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी एका दलाली संस्थेकडून चुकीने गेलेल्या सुमारे ६५० कोटी रुपयांच्या ऑर्डरींमुळे राष्ट्रीय शेअरबाजाराचा ‘निफ्टी’ निर्देशांक क्षणात सुमारे १५ टक्क्यांनी कोसळला व व्यवहार काही काळ थांबवावे लागले. यंत्रणाच बंद पडल्यास काय होते, हे २४ फेब्रुवारी २०२१ रोजी दिसले. त्या दिवशी तांत्रिक बिघाडामुळे राष्ट्रीय शेअरबाजारातील व्यवहार सकाळी ११·४० च्या सुमारास थांबले व दुपारी ३·४५ वाजता पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात ज्यांचे सौदे अर्धवट राहिले होते, त्यांची मोठी कुचंबणा झाली.

उपयोजककेंद्रित रचना : वस्तू वापरणाऱ्या माणसाचे ज्ञान, सवयी, चुका व परिस्थिती यांचा अभ्यास करून त्यानुसार रचना करावी, हा विचार संगणकक्षेत्रात १९८० नंतर दृढ झाला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॉनल्ड नॉर्मन यांनी तो विशेषत्वाने मांडला आणि पुढे त्यास आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले. रोखेव्यवहारांच्या प्रणालीस तो लावताना काही गोष्टी आवश्यक ठरतात. ऑर्डर पाठविण्यापूर्वी शेअराचे नाव, संख्या, भाव, एकूण रक्कम व सर्व आकार एकत्र दिसले पाहिजेत. खरेदी व विक्री यांतील भेद रंगाने दाखवावयाचा, पण तो केवळ रंगावर विसंबलेला नसावा. रंगांधत्व असणाऱ्या व्यक्तीस शब्द व स्थान यांवरूनही तो कळावा. ऑर्डर पोहोचली, प्रलंबित आहे, अंशतः जुळली, पूर्ण झाली की नाकारली गेली, हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले पाहिजे. नाकारल्यास कारण द्यावे. चूक सुधारण्याचा मार्ग चूक करण्याच्या मार्गाइतकाच जवळ असावा.

अपंग व्यक्तींचा विचार या क्षेत्रात उशिरा झाला. ओळखपडताळणीसाठी डोळे मिचकाविण्याची अट घातली, की दृष्टिहीन व्यक्ती आणि आम्लहल्ल्यात चेहऱ्यास इजा झालेली व्यक्ती खातेच उघडू शकत नसे. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिलेल्या निर्णयात संगणकीय सेवांची उपलब्धता हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे नमूद केले व पडताळणीचे पर्यायी मार्ग ठेवण्याचे निदेश दिले. त्यानंतर सेबीनेही आपल्या नियंत्रणाखालील संस्थांना याबाबत सूचना दिल्या.

वसई–विरार परिसरातील स्थिती : पडद्याची रचना करताना वापरणारा कोठे व कशा स्थितीत आहे, हे जाणणे का आवश्यक असते, हे या परिसराच्या उदाहरणाने स्पष्ट होते. वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका व लगतची गावे मिळून २००९ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या १२ लाखांवर होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा प्रदेश नव्या पालघर जिल्ह्यात समाविष्ट झाला. येथे बचतीची परंपरा जुनी आहे. वसईची बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक १९१८ मध्ये स्थापन झालेली असून सहकारी बँका व पतपेढ्या यांतील ठेवी, सोने व जमीन हीच पिढ्यानपिढ्या गुंतवणुकीची मान्य साधने होती. बँकेत ओळखीचा कर्मचारी समोर असतो व शंका तोंडी विचारता येते. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर ही जागा चार ओळींच्या सूचनेस भरून काढावी लागते.

बाजार सकाळी ९·१५ वाजता उघडतो. या परिसरातील नोकरदारांचा मोठा वर्ग त्या सुमारास चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलगाडीत किंवा कचेरीच्या वाटेवर असतो. गर्दीत एका हाताने धरलेला भ्रमणध्वनी, धावत्या गाडीत तुटणारा संदेशसंपर्क आणि मध्येच उतरण्याची घाई अशा अवस्थेत दिलेली ऑर्डर गेली की नाही, हे न कळल्यास ती पुन्हा दिली जाण्याचा व एकाऐवजी दोन सौदे होण्याचा संभव असतो. म्हणून संपर्क तुटल्याची स्पष्ट सूचना, पुनरावृत्त ऑर्डरीबाबत इशारा, बोट घसरून ऑर्डर जाऊ नये यासाठी ठेवलेली पुष्टीची पायरी आणि भाव ठरवून आगाऊ ऑर्डर ठेवण्याची सोय यांचे मोल येथे विशेष आहे. मोठ्या पडद्यासमोर शांतपणे बसलेला ग्राहक डोळ्यांपुढे ठेवून केलेली रचना अशा ठिकाणी अपुरी पडते.

दुसरा प्रश्न भाषेचा. वसईत सामवेदी, वाडवळी या बोली नांदतात. मराठीबरोबर गुजराती व हिंदीही बोलल्या जातात. मुंबईच्या बाजाराची मूळ परिभाषा गुजराती व मराठी दलालांच्या बोलण्यातून घडली होती; सौदा, तेजी, मंदी, बदला, वायदा हे शब्द सर्वांस कळत. संगणकीय पडद्यावर मात्र इंग्रजीचे वर्चस्व राहिले. ग्राहकाचे हक्क व कर्तव्ये सांगणारे दस्तऐवज शेअरबाजारांनी मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध केले असून राष्ट्रीय शेअरबाजाराचे माहितीस्थळही मराठीत आहे. परंतु प्रत्यक्ष ऑर्डर देतेवेळी येणारी ‘मार्जिन’ वा ‘स्क्वेअर ऑफ’ यांविषयीची सूचना ग्राहकाच्या भाषेत नसेल, तर अन्यत्र उपलब्ध असलेल्या भाषांतराचा त्या क्षणी उपयोग होत नाही.

सुलभता व संरक्षण : सुलभ रचना ही नेहमीच ग्राहकाच्या हिताची असते असे नाही. सौदा जितका सोपा तितके सौदे अधिक, आणि सौद्यांच्या संख्येवर दलालाचे उत्पन्न अवलंबून असते. त्यामुळे गुंतवणूकदाराची सोय व संस्थेचा लाभ यांत अंतर पडू शकते. वायदे व विकल्प यांच्या व्यवहारांत हे ठळकपणे दिसून आले. सेबीने जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१–२२ या वर्षी शेअरांच्या वायदे व विकल्प व्यवहारांत भाग घेणाऱ्या वैयक्तिक ग्राहकांपैकी ८९ टक्के ग्राहकांस तोटा झाला. सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात २०२१–२२ ते २०२३–२४ या तीन वर्षांसाठी हे प्रमाण ९३ टक्के व एकूण तोटा १·८ लाख कोटी रुपयांहून अधिक आढळला. २०२४–२५ मध्येही ९१ टक्के ग्राहक तोट्यात राहिले.

पहिल्या अभ्यासानंतर जुलै २०२३ पासून, दहांपैकी नऊ व्यक्तींस तोटा होतो, ही सूचना ग्राहकाने खात्यात प्रवेश करताच पडद्यावर दाखविणे व ती वाचल्याची त्याची संमती घेणे दलालांवर बंधनकारक करण्यात आले. तथापि रोज तीच दिसणारी सूचना न वाचताच दूर सारण्याची सवय जडते. नोव्हेंबर २०२४ पासून सेबीने कराराचे किमान मूल्य वाढविले व दर आठवड्यास संपणाऱ्या करारांची संख्या मर्यादित केली. केवळ इशारा पुरेसा नसून रचनेतच अडथळा ठेवावा लागतो, हे यातून सूचित होते. काही प्रणालींत ग्राहकास ठराविक काळासाठी स्वतःचे व्यवहार बंद ठेवण्याचीही सोय असते.

पडद्यावरील विश्वासाचा गैरफायदा घेणारेही निर्माण झाले. नामांकित संस्थांच्या पडद्यांची हुबेहूब नक्कल करून, खोटा नफा दाखवून पैसे उकळण्याचे प्रकार वाढले. त्यांवर उपाय म्हणून ऑक्टोबर २०२५ पासून सेबीकडे नोंदलेल्या संस्थांना पैसे स्वीकारण्यासाठी ‘व्हॅलिड’ हा शब्द असलेली विशिष्ट यूपीआय ओळख देण्यात आली. तक्रारनिवारणासाठी सेबीची ‘स्कोअर्स’ ही व्यवस्था २०११ पासून व संगणकीय लवादाची व्यवस्था २०२३ पासून उपलब्ध आहे.

वडाच्या झाडाखालील सौद्यापासून हातातील पडद्यापर्यंतच्या या वाटचालीत गुंतवणूकदार व बाजार यांमधील अंतर जवळजवळ नाहीसे झाले. भाव लपविण्याची दलालाची शक्ती संपली, कागदांचा घोळ मिटला आणि विरारच्या ग्राहकास दलाल स्ट्रीटवरील ग्राहकाइतकीच ताजी माहिती मिळू लागली. परंतु मधला माणूस दूर झाल्याबरोबर त्याचा सल्ला व त्याने घातलेला आवरही दूर झाला. ते काम आता पडद्याच्या रचनेस करावे लागते. म्हणून ग्राहकाने किती सौदे केले यापेक्षा त्याने ते कितपत समजून केले, हीच अशा रचनेच्या यशाची खरी कसोटी ठरते.